गळ टाकून बसलेला माणूस रिकामटेकडा नसतो



माझ्या दवाखान्यात बीपी मोजण्याआधी मी पेशंटला पाच मिनिटं शांत बसायला सांगतो. पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, बोलायचं नाही. ही माझी लहर नव्हे, बीपी मोजायची जगभर मान्य असलेली पद्धत आहे. घाईत, चढून आल्या आल्या किंवा बोलता बोलता मोजलेलं बीपी खोटं वाढलेलं येतं आणि त्यावरून उगाच गोळी चालू होते.

पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी पाहिलंय, लोकांना गोळ्या घेणं जमतं, साखर सोडणं जमतं, कोल्हापूरच्या माणसाला मीठ कमी करणंसुद्धा कसंबसं जमतं. ही पाच मिनिटं जमत नाहीत. दुसऱ्या मिनिटाला हात खिशात जातो. मोबाईल बाहेर ठेवायला सांगितला तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचून होतं. मग पाय हलायला लागतो. मग, "डॉक्टर, झाली का पाच मिनिटं?"

आणि हीच माणसं नदीकाठी चार तास गळ टाकून बसलेल्या माणसाला हसतात. "काय काम ना धंदा!" आज माझं भांडण या वाक्याशी आहे. ते भांडण थोडं माझ्याशीही आहे, कारण हे वाक्य मी स्वतः एका पेशंटला, डॉक्टरी भाषेत, ऐकवलेलं आहे. ती गोष्ट आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक मामा तपासायला आले. फाउंड्रीत आयुष्य गेलेलं, नुकतेच रिटायर झालेले. बीपीची एक गोळी चालू होती आणि बीपी आटोक्यात होतं. सोबत मामी आणि मुलगा. तक्रार मामांची नव्हतीच, घरच्यांची होती. मामी म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यास्नी जरा सांगा की. दिस उगवायच्या आधी गळ घेऊन नदीला जात्यात ते दुपारला येत्यात. आणत्यात काय, तर चार चिलापी. गल्लीत लोक हसत्यात." मुलगा म्हणाला, "मॉर्निंग वॉकला चला म्हटलं तर नको म्हणत्यात. नुसतं बसून राहत्यात."

'बसून राहतात' हे शब्द ऐकले की आम्हा डॉक्टरांचं डोकं एकाच दिशेने धावतं. बैठं आयुष्य, वजन, शुगर, हार्ट. मी मामांना ऐकवलं, "मामा, या वयात बसून राहणं बरं नाही. रोज अर्धा तास चाला. नदीवर नुसतं बसून काय मिळतं?" मामा माझ्याकडे बघत राहिले. "बरं," एवढंच म्हणाले. गळ माळ्यावर गेला.

अकरा महिन्यांनी ते आले तेव्हा वजन पाच किलोनं वाढलेलं, बीपी 158/96, झोप नाही. मी दुसरी गोळी वाढवली, झोपेची एक लिहिली. लिहिता लिहिता सहज विचारलं, "दिवसभर काय करता, मामा?"

"काय करतोय? बसतोय की."

"कुठं?"

"टीव्हीफुडं."

माझ्या सल्ल्याचा एवढाच परिणाम झाला होता. चालायला ते एक आठवडा गेले. बसायचं थांबलं नाही, फक्त बसायची जागा बदलली. नदीवर जायला त्यांना दीड किलोमीटर चालावं लागत होतं आणि यायला दीड, हे मी तेव्हा विचारलंच नव्हतं. पहाटे उठावं लागायचं म्हणून रात्री साडेनऊला झोपायचे, हेही विचारलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, एका माणसावरून कशाला सिद्धांत मांडता? रास्त आहे. म्हणून शरीरात काय होतं ते सांगतो.

आपल्या शरीराच्या आतल्या कारभाराला दोन मज्जासंस्था असतात. एक ॲक्सिलरेटर, दुसरी ब्रेक. धोका दिसला, भांडण झालं, हप्त्याचा मेसेज आला, की ॲक्सिलरेटर दाबला जातो. ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. धोका गेला की ब्रेक लागायचा असतो. माणसाचं शरीर वाघ येऊन गेला की शांत होण्यासाठी घडलेलं आहे. पण आपल्याकडे वाघ येऊन जात नाही, तो दिवसभर खिशात थरथरत असतो. ब्रेक लागायला वेळच मिळत नाही. मग छातीत धडधड, मानेपासून डोकं धरणं, पोट बिघडणं, पहाटे तीनला जाग येणं. हे पेशंट माझ्याकडे रिपोर्टची जाड फाईल घेऊन येतात. ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. शेवटी आम्ही सांगतो, "टेन्शन घेऊ नका." याच्याइतकं निरुपयोगी वाक्य वैद्यकशास्त्रात दुसरं नसेल. टेन्शन काय कोणी हौसेनं घेतं? घ्यायचं नाही तर मग काय करायचं, ते आम्ही सांगत नाही.

आता गळ टाकलेला माणूस पाहा. तो तुम्हाला रिकामा दिसतो. पण त्याचे डोळे पाण्यावरच्या तरंगत्या तुकड्यावर आहेत, मग तो मोरपिसाच्या देठाचा असो की थर्माकोलचा. हातात काठीचं वजन आहे, बोटाला तंगूस लागलेला आहे. हलायचं नाही, बोलायचं नाही, पाय आपटायचा नाही, नाहीतर मासा पळतो. श्वास आपोआप संथ होतो, आणि श्वास सावकाश बाहेर सोडला जातो तेव्हा ब्रेकवाली मज्जासंस्था कामाला लागते. प्राणायामाच्या वर्गात जे शिकवतात ते इथे मासा शिकवतो, तेही फीशिवाय.

लक्ष देण्याचेही दोन प्रकार आहेत. एक ओढूनताणून द्यायचं लक्ष: हिशेब करताना, हायवेवर गाडी चालवताना, मशीनवर काम करताना. हे लक्ष थकतं. दुसरं, आपोआप लागणारं: वाहतं पाणी, हलणारी पानं, ढग. यात मन गुंततं पण दमत नाही, आणि तेवढ्या वेळात पहिलं लक्ष विश्रांती घेतं. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोडप्याने 1989 सालच्या आपल्या पुस्तकात हे सविस्तर मांडलं. त्याआधी 1984 साली रॉजर उलरिक यांचा एक छोटा पण गाजलेला अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या 46 पेशंटपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधं कमी लागली. नुसत्या दिसण्याने एवढा फरक, तर काठावर जाऊन बसल्याने काय होत असेल याचा विचार तुम्हीच करा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. गळाची मजा आणि मोबाईलची चटक मेंदूत एकाच ठिकाणी काम करतात. 'आता काहीतरी येईल' ही आशा, आणि ते कधी येईल हे माहीत नसणं, यातून डोपामिन सुटतं. म्हणूनच माणूस स्क्रीनवर बोट सरकवत राहतो आणि म्हणूनच काठावरून हलत नाही. मग फरक काय? फरक वेगाचा. मोबाईल दर दहा सेकंदाला काहीतरी फेकतो, नदी तासाला एकदा देते, आणि पुष्कळदा तेही नाही. एकाने वाट बघण्याची ताकद संपते, दुसऱ्याने वाढते. गळाचं वेड लागून संसार विसरलेली माणसंही मी पाहिली आहेत. पण तशी अपवादाने, आणि मोबाईलवाली मात्र रोज ओपीडीत दिसतात.

वाट बघणं आणि स्वतःसोबत बसणं आपल्याला किती जड झालंय याचा पुरावा हवा असेल तर आणखी एक प्रयोग सांगतो. तोही 'सायन्स'मध्येच आला, 2014 साली. टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एका रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं. करायला काही नाही, फक्त विचार. खोलीत एक बटण, दाबलं की स्वतःलाच विजेचा सौम्य झटका बसणार. हा झटका त्यांनी आधी अनुभवलेला होता आणि 'पुन्हा बसू नये म्हणून पैसे मोजू' असंही सांगितलेलं होतं. तरी 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 बायकांपैकी 6 जणींनी त्या पंधरा मिनिटांत स्वतःला झटका देऊन घेतला. स्वतःसोबत गप्प बसण्यापेक्षा त्यांना शॉक परवडला! आपल्या हातातला मोबाईल म्हणजे तेच बटण.

आपल्या उचगावात तर परिस्थिती आणखी अवघड. एका बाजूला हायवे, रात्री दोनलाही ट्रकचा आवाज. लागून गांधीनगरची बाजारपेठ, तिकडे शिरोलीची एमआयडीसी, इकडे गोकुळ शिरगावची. त्यात आपण कोल्हापूरकर. आपल्याला माणसं लागतात. तालीम, कट्टा, मिसळ, रंकाळ्यावर फेरी, सगळं घोळक्यानं. हे चांगलंच आहे, माणसांत राहणारी माणसं जास्त जगतात हे वैद्यकशास्त्रही सांगतं. पण त्यामुळे आपण एक गल्लत करतो. एकटा बसलेला माणूस दिसला की "काय झालं वं?" असं विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

मराठीत एकटेपणा आणि एकांत हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. एकटेपणा माणसावर येऊन पडतो, एकांत माणूस जाऊन घेतो. एकटेपणाने माणूस खंगतो, एकांताने भरतो. भामचंद्राच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबा जाऊन बसत, त्यांना गाव सोडून गेलेला रिकामटेकडा म्हणणारे तेव्हाही असतीलच. आपण संतांना एकांत बहाल करतो, फाउंड्रीतून रिटायर झालेल्या माणसाला मात्र देत नाही.

आणि इथेच गळ कामाला येतो. नदीवर नुसता, हातात काही न घेता, तीन तास बसलेला माणूस दिसला तर लोकांना भलतीच शंका येते. कोणीतरी घरी फोन करतं. हातात काठी असली की त्याला कारण मिळतं. मासे धरतोय! गळ हा एकांताचा परवाना आहे. इंग्लंडात 1653 साली, यादवी युद्धाने देश पोळून निघालेला असताना, आयझॅक वॉल्टन नावाच्या माणसाने मासेमारीवर एक पुस्तक लिहिलं, ते आजही छापलं जातं. त्याच्या नावातच हा चिंतनशील माणसाचा विरंगुळा असल्याचं म्हटलंय. चार चिलापी हा त्यातला वरकड फायदा.

यावर नेहमी येणारे आक्षेप मला माहीत आहेत.

पहिला: "डॉक्टर, ही हिंसा आहे." खरं आहे. गळ माशाच्या तोंडात रुततो, ते मी गोड करून सांगणार नाही. तुम्ही माळकरी असाल, किंवा जीव घेणं मनाला पटत नसेल, तर गळ टाकू नका. महाडजवळ वाळण कोंडीत लोक देवाचे म्हणून मासे पाळतात, कोणी धरत नाही, चुरमुरे टाकतात आणि बघत बसतात. ते बघत बसणंही तेच काम करतं. दुर्बीण घेऊन पक्षी बघा, वही घेऊन चित्र काढा, शेताच्या बांधावर बसा. पण रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांग लावणाऱ्याने गळवाल्याला हिंसेवर प्रवचन देऊ नये, एवढंच.

दुसरा: "बसण्याने व्यायाम होत नाही." बरोबर. मासे धरणं हा चालण्याला पर्याय नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं दमदार चालणं तुम्हाला हवंच आणि बीपी-शुगरची गोळी गळ टाकला म्हणून बंद करायची नाही. मी दोन वेगळ्या गरजांबद्दल बोलतोय. हृदयाला चालणं लागतं, मनाला थांबणं लागतं. माझी चूक अशी झाली की पहिलं देण्यासाठी मी दुसरं काढून घेतलं.

तिसरा आक्षेप मामींचा होता आणि तो मी तेव्हा नीट ऐकलाच नाही. नंतर एकदा त्या एकट्या आल्या तेव्हा म्हणाल्या, "ह्यांना नदी हाय. मला काय हाय?" मी गप्प झालो. खरोखर, इतक्या वर्षांत 'मी दोन तास एकटी कुठेतरी जाऊन बसते' असं सांगणारी एकही बाई माझ्या दवाखान्यात आलेली नाही. नदीवर बाई जाते ती धुणं घेऊन. एकांताची चैन आपण पुरुषांनी वाटून घेतली आहे. परदेशात हे बदललंय. अमेरिकेत 1996 पासून 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' नावाची संस्था स्तनाच्या कॅन्सरमधून जाणाऱ्या बायकांना मासेमारीच्या शिबिरांना नेते. गळ फेकण्याच्या हालचालीने ऑपरेशनच्या बाजूच्या खांद्याला हलका व्यायाम होतो, आणि दोन दिवस कोणासाठी स्वयंपाक न करता पाण्याकाठी राहता येतं. तिथेच 2005 पासून जखमी सैनिकांसाठीही असा उपक्रम चालतो. आपल्याकडे बाईने गळ हातात धरावा असं मी म्हटलं तर गल्ली हसेल. हसू दे. पण तिला दिवसातला एक तास कोणी हाक मारणार नाही अशी जागा आणि सवलत घरातल्यांनी द्यावी, हे मी डॉक्टर म्हणून सांगतोय. मामी आता संध्याकाळी देवळात जातात आणि त्या तासाला चहा मामा करतात. कसा करतात ते विचारू नका.

हे झालं घरच्यांबद्दल. आता नदीकाठच्या नव्या पाहुण्यांबद्दल. हल्ली पाच-सहा पोरं गाड्या घेऊन येतात, परदेशी पद्धतीचे रॉड, मोठा स्पीकर, बाटल्या, आणि एकजण व्हिडिओ काढायला. मासा लागला की आरडाओरडा, रीलसाठी तोच मासा चार वेळा उचलायचा. याला सहल म्हणा, माझी हरकत नाही, पण यातून मन शांत होतं असं सांगू नका. स्पीकर लावला की ॲक्सिलरेटर चालूच राहतो, आणि दारू पिऊन बंधाऱ्याच्या काठावर बसणं म्हणजे तर आत्मघात आहे. त्याहून वाईट ते, जे करंट सोडून, जिलेटिन उडवून किंवा विषारी पावडर टाकून मासे मारतात. त्यात पिल्लंसुद्धा मरतात. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, म्हणजे हे गैर आहे हे आपल्याला सव्वाशे वर्षं माहीत आहे. ज्याला वाट बघायची नाही तो पावडर टाकतो.

आणि ज्यांचं पोट मासेमारीवर आहे त्या लोकांना मात्र या लेखातलं काही लागू नाही. जाळं घेऊन पहाटे पाण्यात उतरणाऱ्याला ती विश्रांती नसते, मजुरी असते. तलाव ज्या संस्थेने ठेक्याने घेतलाय तिथे तिला विचारूनच गळ टाकावा.

आता ज्या विषयाने मला सगळ्यात जास्त राग येतो तो.

भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. तिथपासून आपल्या बाजूला येईपर्यंत तिच्यात शहराचे नाले मिसळतात, जयंती नाल्याचं नाव तर सगळ्यांना पाठ आहे. पुढे कारखान्यांचं पाणी. खाली इचलकरंजी-शिरोळकडे जलपर्णीची हिरवी चादर, आणि तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच, तोही एकदा नव्हे. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली ती विसरलात का? नदी खराब झाली की पाणी खराब होतं एवढंच आपण मोजतो. पण वास मारणाऱ्या पाण्याकाठी कोण बसेल? उचगाव, गांधीनगर, वळिवडे या भागातल्या हजारो लोकांना चालत जाऊन फुकट शांत बसता येईल अशी दुसरी कुठली जागा आहे? बागेत आठ वाजता गेट बंद. डोंगर लांब. मॉलमध्ये शांतता मिळत नाही. नदीकाठ हा आपला फुकटचा दवाखाना होता, तिथे आपण गटार सोडलं, आणि आता ध्यानाच्या ॲपचे वर्षाचे पैसे भरतो. नदीच्या प्रदूषणावर गावात सभा झाली तर 'पर्यावरणवाल्यांचं काम' म्हणून घरी बसू नका. हा तुमच्या बीपीचा आणि झोपेचा प्रश्न आहे. मीही बरीच वर्षं घरीच बसलो होतो.

ज्यांना आता गळ घेऊन जावंसं वाटतंय त्यांच्यासाठी डॉक्टरकीचं थोडं.

पावसाळ्यात जाऊ नका. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला वर चढतात, चढणीचा मासा धरणं म्हणजे पुढच्या वर्षीची नदी खाणं. आणि पंचगंगा कशी चढते ते तुम्हाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी, पण काठावर बसणाऱ्याला धोका त्याच्या कितीतरी आधी असतो. पावसाळा सरून बंधाऱ्यांचे बरगे घातले की पाणी थांबतं, तेव्हापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा काळ चांगला. बंधाऱ्याच्या भिंतीवर किंवा बरग्यांजवळ बसू नका, तिथला पाण्याचा ओढा वरून दिसत नाही. ढग गडगडले की काठी खाली ठेवा आणि उघड्यावरून निघा. फेकताना वर विजेच्या तारा नाहीत ना ते बघा.

पायात बूट घाला. गवतात साप असतो. चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात-पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना. पायाला जखम असेल तर घाण पाण्यात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिसचा ताप तिथूनच येतो. गळ बोटात रुतला तर हिसका देऊन ओढू नका, त्याला उलटं टोक असतं, मांस घेऊन येतं. तंगूस कापा, तसंच माझ्याकडे या, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात साखर ठेवावी आणि उपाशीपोटी जाऊ नये. फिट येणाऱ्याने पाण्याकाठी एकटं बसू नये, त्याने सोबत न्यावी, फक्त कमी बोलणारी. मेलेले, तरंगणारे मासे फुकट मिळाले तरी उचलू नका.

आणि एक महत्त्वाचं. घरातला माणूस एकटा बसतोय म्हणजे तो एकांतच घेतोय असं धरून चालू नका. जो सकाळी उत्साहाने गळ बांधतो, आल्यावर भूक लागली म्हणतो, माशाबद्दल बढाया मारतो, त्याची काळजी नको. पण जो दोन आठवडे कशातच रमत नाही, जेवत नाही, पहाटे जागा असतो, 'मी नसलो तर बरं' अशा गोष्टी बोलतो, त्याचा तो एकांत नव्हे, तो आजार आहे. त्याला नदीवर एकटा पाठवू नका, डॉक्टरकडे आणा. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मी स्वतः करून पाहिलं का? पाहिलं. मामांना म्हटलं, मला एकदा न्या. एका रविवारी पहाटे वळिवड्याच्या बाजूला गेलो. पहिल्या तासात मी अकरा वेळा मोबाईल काढला, मामांनी मोजलं होतं. मी मुद्दाम विचारलं, "मासा लागला नाही तर कंटाळा येत नाही?" ते म्हणाले, "फाउंड्रीत चाळीस वर्षं भट्टी वाट बघायला देत न्हवती. आता बघतोय." दुसऱ्या तासात कधीतरी माझा हात खिशाकडे जायचा थांबला. खंड्या समोरच्या फांदीवरून सूर मारत होता, त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. मासा एकही लागला नाही. त्या दिवशी दुपारी मी कित्येक वर्षांनी गाढ झोपलो.

मामांचं बीपी नदीने बरं केलं असं मी म्हणणार नाही. दोन्ही गोळ्या चालू आहेत. झोपेची मात्र सावकाश कमी करत बंद केली, त्याला चार महिने लागले. वजन तीन किलो उतरलं, त्यात नदीपर्यंतच्या चालण्याचा वाटा मोठा. मुलगा आता मित्रांना सांगतो, आबांना डॉक्टरांनीच गळ टाकायला सांगितलंय. गल्लीत हसणं बंद झालं. बघा, जी गोष्ट चाळीस वर्षं घाम गाळलेल्या माणसाच्या इच्छेने चालत नव्हती, ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर लगेच चालली. याचाही मला थोडा राग आहे.

तर पुढच्या वेळी बीपी मोजायला याल तेव्हा पाच मिनिटं आधी या. मोबाईल बाहेर, कंपाउंडरकडे. खुर्चीसमोरचं कॅलेंडर मी काढून टाकलंय, तिथे आता काही नाही. मामांना परवा तिथे बसवलं तर पाच मिनिटांत त्यांचा डोळा लागला. त्यांची नेहमीची मासे लागायची जागा कुठली, ते मात्र त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.